मीटर फाटकावर गेला, मेन स्विच कुठे?

गोव्यात पूर्वी वीज मोजक्या शहरांपुरती होती. गावोगाव तारा पोचल्या त्या १९६१ नंतरच्या दोन-तीन दशकांत, आणि तोवर घरं केव्हाच उभी होती. जाड चिऱ्यांच्या किंवा मातीच्या भिंती, वर कौलं. वायरिंगसाठी त्यांत जागा ठेवलेलीच नव्हती. खांबावरची सर्व्हिस वायर पागोळीखालून जिथे आत शिरली, तिथेच लाकडी फळीवर मीटर, कटआउट (वीजखात्याचा फ्यूज) आणि मेन स्विच ठोकला गेला. म्हणून जुन्या घरांत हा बोर्ड ओसरीच्या दारावर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही इतका उंच दिसतो. मुलांचा हात लागू नये, हेही कारण होतंच.

उंचीचा खरा त्रास किटकॅट फ्यूजच्या, म्हणजे जळलेली तार हाताने बदलायच्या फ्यूजच्या काळात झाला. चवथीला घर भरायचं, माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीभोवती, दिव्यांच्या माळा लागायच्या, लोड वाढून फ्यूज जायचा. मग कुणीतरी स्टुलावर चढून, बॅटरीच्या उजेडात चिनीमातीचा तुकडा ओढून काढायचा. दोन पितळी स्क्रू, मध्ये जळून काळी पडलेली खाच. पुन्हा चढायला लागू नये म्हणून बारीक फ्यूजवायरऐवजी तांब्याच्या जाड तारा पिळून घातल्या जात. मग फ्यूज टिके आणि भिंतीतली वायर तापे. बोर्ड हाताशी असता तर ही खोड इतकी पसरली नसती, असं माझं ठाम मत आहे.

वायरिंगच्या १९८९ च्या भारतीय मानकात डिस्ट्रिब्यूशन बोर्ड जमिनीपासून २ मीटरपेक्षा उंच नको, फ्यूज बदलता येईल असा हवा, असं स्पष्ट होतं. न्हाणीघरात तो नको, गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकवरही नको. जुने बोर्ड मात्र बहुतेक ठिकाणी होते तिथेच राहिले. नवं काम करतानाच नवी जागा शोधली गेली.

पुढचा बदल मीटरमुळे आला, आणि मीटरबरोबर मेन स्विचही बाहेर न्यावा का, हा आजचा वाद तिथलाच आहे. २००६ च्या केंद्रीय नियमांनी मीटर ग्राहकाच्या आवारात किंवा आवाराबाहेरही बसवायची मुभा दिली. बाहेर बसवला, तर घरात रीडिंग दिसेल असं यंत्र पुरवठादारानेच द्यायचं, अशी अटही घातली. मुभा सगळ्यांच्या लक्षात राहिली, अटीचा विषय क्वचितच कुणी काढतं. गोव्यात बाहेरच्या मीटरला सबळ कारण आहे. घरमालक मुंबईला किंवा परदेशात, घराला वर्षभर कुलूप, रीडिंग घ्यायला आलेला माणूस फाटकावरूनच परत. वीजचोरीही बाहेरच्या मीटरवर लवकर सापडते. भाऊबंदांच्या सामायिक घरात तर एकाचा मीटर दुसऱ्याच्या वाट्याच्या खोलीत, त्यामुळे साधं रीडिंगही भांडणाचं कारण.

पण मीटर आणि मेन पिढ्यान्‌पिढ्या एकाच फळीवर होते. मीटर हलवताना मेनही त्याच पेटीत फाटकावर नेला जातो आणि घरात नुसते दिव्यांचे स्विच उरतात. हे चूक आहे. फाटकापासून घरापर्यंतच्या केबलसाठी तिथे एक एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) लागतोच, आग लागली तर बाहेरून वीज तोडता येते हेही खरं. तरीही घरात दुसरा मेन आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, कुठेतरी विजेची गळती होते आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ट्रिप होतो. तो बाहेर असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाने भर पावसात, अंधारात, ओल्या हातांनी पेटी उघडायची का? मीटर वीजखात्याचा, तो जाऊ दे बाहेर. मेन घरातल्यांचा आहे.

फ्लॅटमध्ये जागा ठरलेली असते, मुख्य दाराजवळ. तिथे अडचण होते ती नंतर पुढ्यात आलेल्या चपलांच्या कपाटाची.

आता काही भागांत तारा जमिनीखालून येतात. केबल खालून वर येते म्हणून पेटीही खाली, गुडघ्याच्या उंचीवर बसते. जिथे पावसाळ्यात फाटकाशी पाणी तुंबतं, तिथे भिंतीवर उमटलेली पाण्याची रेषा दाखवून पेटीचा तळ तिच्या बराच वर घ्यायला लावावा, आणि तेही सिमेंट लावण्याआधी.