रोहतांगचा बर्फ फोटोत राखेसारखा का दिसतो?

मे महिना लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मनालीचे फोटो यायला लागतात. यंदा मावशीची पाळी होती. रोहतांगला भाड्याचे कोट नि गमबूट चढवून काढलेले चाळीस फोटो, आणि बर्फ कसला, तर चुलीतली राख! चेहरेही काळवंडलेले. "फोन जुना झालाय आता," असं ठरलं आणि मावसभावाने लगेच २०० मेगापिक्सेलवाल्या फोनची लिंक टाकली. त्याने काय होणार? २० कोटी ठिपके, सगळे राखाडी.

गडबड भिंगात नाही, मोजणीत आहे.

वस्तू पांढरी की काळी, हे कॅमेऱ्याचा मीटर जाणत नाही. तिच्याकडून किती प्रकाश आला, एवढंच त्याला कळतं. आणि हा प्रकाश म्हणजे एक गुणाकार असतो: वस्तूवर पडलेला उजेड गुणिले तिने त्यातला परत फेकलेला हिस्सा. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, घरात ट्यूबलाइटखाली ४०० धरा. कोळसा जेमतेम ५ टक्के परत फेकतो, कागद ८० टक्के. करा हिशेब. अंगणातल्या कोळशाचे झाले ५,०००, टेबलावरच्या कागदाचे ३२०. म्हणजे उन्हातला कोळसा घरातल्या कागदाच्या पंधरापट उजळ! तरीही आपल्याला कोळसा काळा आणि कागद पांढराच दिसतो, कारण आपला मेंदू आजूबाजूचं सगळं बघून उजेडाचा वाटा गुपचूप बाजूला काढतो. मला तर ही करामत कुठल्याही चमत्कारी बाबाच्या विभूतीपेक्षा भारी वाटते. मीटरच्या हाती मात्र नुसतं उत्तर. ३६ हे ४ गुणिले ९ की ६ गुणिले ६, हे ३६ कडे बघून कसं ओळखणार?

म्हणून तो एक गृहीत धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाचं, म्हणजे साधारण १८ टक्के परत फेकणारं असणार. ५० टक्के का नाही? कारण प्रकाश दुप्पट झाला म्हणून डोळ्याला उजळपणा दुप्पट वाटत नाही. काळ्या-पांढऱ्याचा मध्य आपल्याला १८ च्या आसपासच भासतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास 'झोन सिस्टिम' बसवली, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायऱ्यापायऱ्यांची मोजपट्टी. तिच्यातली पाच क्रमांकाची पायरी हीच.

आता ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. फ्रेमभर बर्फ दिसला की मीटरला वाटतं, बापरे, केवढा उजेड! तो शटर लवकर मिटतो आणि ९० चे १८ करून ठेवतो. बर्फाची राख होते, शेजारी उभी असलेली मावशीही त्यात काळवंडते. हे परत वर आणायचं तर १८ चे ३६, ३६ चे ७२, असं दोनदा दुप्पट करायचं. छायाचित्रकारांच्या भाषेत 'दोन स्टॉप'. तिसऱ्यांदा केलं तर १४४ होतील, म्हणजे शंभराच्याही पार. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा प्रत्येक ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉन साठवणारी बादली. ती भरून वाहिली की बर्फावरच्या पावलांचे ठसेसुद्धा पुसले जातात.

हल्लीचे फोन दृश्य ओळखून, चार-सहा फोटो एकत्र करून यातलं बरंच निस्तरतात. उरलेलं बोटाने करायचं. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट टेकवलं की चौकट येते आणि शेजारी छोटा सूर्य. तो थोडा वर सरकवा, ठसे दिसेनासे व्हायच्या आत थांबा.

मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आम्ही श्रावणात वेरूळला जाणार आहोत, तिथेही सूर्य वरच ना?" नाही. कैलास लेणं काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेलं, त्यात पावसाने भिजून दगड आणखी काळा झालेला. मीटर त्यालाही ओढून १८ वर आणणार आणि तो काळा पाषाण सिमेंटसारखा फिका दिसणार. तिथे सूर्य खाली.