लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याला लेन्स बसवणं

लार्ज फॉरमॅट म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म घेणारा, घड्यांच्या भात्याचा (बेलोजचा) कॅमेरा. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यासारखा ह्याला लेन्स अडकवायचा ठरलेला माउंट नसतो. लेन्स एका पाटीवर घट्ट बसवायची आणि ती पाटी कॅमेऱ्याच्या तोंडाला अडकवायची, त्यामुळं कुठल्याही कंपनीची लेन्स कुठल्याही कॅमेऱ्याला चालते, फक्त पाटी त्या कॅमेऱ्याच्या मापाची पाहिजे. पाटीला लेन्सबोर्ड म्हणतात. लिनहॉफ टेक्निकाचा बोर्ड ९६×९९ मिलिमीटर, सिनारचा १४०×१४०, टोयोचा १५८×१५८. जुन्या सागवानी फील्ड कॅमेऱ्यांना, म्हणजे केरळात अलप्पुळात बनायचे ते वागीश्वरी किंवा तसलेच, लाकडी बोर्ड असतोय आणि तो प्रत्येक कॅमेऱ्याचा थोडा वेगळा निघतोय, म्हणून दुसऱ्याचा आणून बसवू म्हटलं तर बसेलच असं नाही.

शटरवाली लेन्स

अलीकडच्या बहुतेक लेन्स कोपाल नाहीतर कॉम्पुर ह्या नावाच्या शटरात असतात, म्हणजे मधे शटर आणि त्याला पुढून एक, मागून एक असे काचेचे दोन भाग आट्यांवर फिरवून बसवलेले. शटरचे नेहमीचे नंबर तीनच: ०, १ आणि ३. बोर्डाचं भोक नंबरावर ठरतंय: ० ला साधारण ३४.६ मिलिमीटर, १ ला ४१.६, ३ ला ६५. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

बसवायची रीत सोपी हाय आणि ती घरीच करावी असं माझं स्पष्ट मत हाय, ह्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. टेबलावर मऊ कापड अंथरायचं, मागचा काचेचा भाग हातानं फिरवून काढायचा, शटर बोर्डाच्या पुढून भोकात घालायचं, मागून रिंग आट्यांवर चढवायची आणि काच परत बसवायची. रिंगला खाचा असतात, त्यात बसणारा दोन टोकांचा पाना मिळतो तो घ्या. व्हर्निअरच्या टोकांनी किंवा कंपासनं रिंग फिरवायचा मोह होतोय, पण टोक घसरलं की शटरच्या आतल्या पात्यांवर जातंय. पुढचा काचेचा भागही कधी काढलात आणि त्याखाली पितळेची अगदी पातळ चकती निघाली तर ती जपून ठेवा, दोन काचांमधलं अंतर कारखान्यात त्या चकतीनंच जुळवलेलं असतंय, ती हरवली की लेन्सची धार जाते.

शटरच्या पाठीला एक बारीक स्क्रू डोकं वर काढून असतोय, शटर बोर्डावर फिरू नये म्हणून. त्याच्यासाठी भोकाच्या कडेला कानशीनं खाच करा, नाहीतर तो स्क्रू सरळ काढून टाका. पण रिंग आवळायच्या आधी केबल रिलीजचं (शटर दाबायच्या तारेचं) तोंड कुठल्या बाजूला येतंय आणि आकड्यांची पट्टी वरून वाचता येते का, हे बघून घ्या, नाहीतर सगळं परत सोडावं लागतंय. टेक्निकाच्या बोर्डाचं भोक मधोमध नसतंय, थोडं खाली असतंय, म्हणून उलटा बोर्ड बसवू नका.

बोर्ड करून घेणं

रिकामा बोर्ड विकत घेऊन भोक पाडून घेता येतंय किंवा आख्खा बोर्ड इथंच करता येतोय. बेळगावजवळ खानापूरकडं सागवान आणि हात बसलेले सुतार आहेत, जुन्या फील्ड कॅमेऱ्याला लाकडी बोर्डच शोभतोय. अडचण मापाची. सुतारकामात माप सुतात चालतंय आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जवळपास, तर इथं अर्ध्या मिलिमीटरनं भोक मोठं झालं तरी शटर सैल बसतंय आणि मध्य हलतोय. म्हणून शटर नाही तरी निदान रिंग तरी मेस्त्रींच्या हातात द्या, कागदावर आकडा लिहून देऊन भागत नाही. दुसरी गोष्ट जाडीची, शटरच्या मागचे आटे फार आखूड असतात, जाड लाकडात रिंग पोचतच नाही, तेव्हा भोकाभोवती मागून लाकूड खोलगट करून घ्यावं लागतंय. आणि पॉलिश फक्त बाहेरून, आतली बाजू मॅट काळी पाहिजे, चकाकीमुळं फिल्मवर धूसरपणा येतोय.

ॲल्युमिनियमचा दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा असेल तर काम बेळगावातल्या उद्यमबाग ह्या कारखान्यांच्या वसाहतीतलं. फौंड्री आणि मशीन शॉप्सवर बेळगावचं नाव चालतंय, तिथला टर्नर पत्रा चार जबड्यांच्या चकात धरून भोक बोअर करतोय ते गोल आणि स्वच्छ येतंय. ड्रिलला होल सॉ लावून पाडलेल्या भोकाची कड नेहमी फाटते, मग कानस मारत बसायचं.

बॅरल लेन्स

खरा कस इथं लागतोय. जुन्या पितळी लेन्सला शटर नसतंय, नुसती नळी, आणि ती फ्लँज नावाच्या आटे असलेल्या पितळी कड्यात फिरवून बसवायची, कडं बोर्डावर स्क्रूनं पक्कं. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं कुणाच्या माळ्यावर अशी लेन्स निघाली तर बहुतेक वेळा फ्लँज गायब असते. आटे मोजायला पिच गेज लावा, जुन्या ब्रिटिश लेन्सचे आटे इंचाला किती ह्या हिशोबात असतात, मिलिमीटरच्या आट्यांत जबरदस्तीनं फिरवल्या तर पितळ मऊ असल्यामुळं लेन्सचेच आटे जातात.

फ्लँज कुठलाही चांगला टर्नर करून देतोय. पण त्याला काच देऊ नका. तो पंपाचे आणि गाड्यांचे पार्ट करणारा माणूस, शंभराव्या भागात माप सांभाळतोय, कौशल्यात कमी काही नाही, फक्त लेथभोवती तेल आणि लोखंडाची कीस उडत असते आणि एक कण काचेवर घासला तरी ओरखडा कायमचा. काचेचे भाग घरीच काढून ठेवायचे आणि रिकामी नळी न्यायची, आटे जुळतात का ते तिथंच फिरवून बघायचं.

शटर नाही मग उघडझाप कशी? जुने स्टुडिओवाले टोपी काढून मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायचे, फिल्म किंवा पेपर मंद असला तर आजही तेच करता येतंय. इंग्लंडच्या थॉर्नटन-पिकार्डचं पडद्याचं शटर मिळालं तर ते लेन्सच्या तोंडावर बसतंय. स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यात शटर मागं फिल्मपाशीच असतंय, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाणारं, त्यामुळं बॅरल लेन्सवाल्यांना तो फार आवडतोय.

जाणकाराकडं कधी जायचं

लेन्स एका शटरातून दुसऱ्यात घालायची असेल तेव्हा. एकाच नंबराच्या कोपालमध्ये काचेचे भाग सरळ फिरून बसतात, तिथं फसायला होतंय. ॲपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या भोकाची) पट्टी त्या त्या फोकल लेंथसाठी कोरलेली असते. २१० मिलिमीटरच्या लेन्सचं शटर घेऊन त्यात १८० ची काच घातली तर काटा ८ वर असताना प्रत्यक्षात ७ च्या आसपास मिळतंय, सुमारे अर्धा स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), आणि स्लाइड फिल्मवर तो लगेच दिसतोय. नवीन पट्टी कोरणं, अंतर मोजून चकत्या घालणं, बॅरल लेन्स कोपाल ३ च्या पुढं ॲडॅप्टर करून बसवणं, ही कामं तज्ज्ञाचीच. अमेरिकेत एस. के. ग्राइम्स हे वर्कशॉप ह्याच कामासाठी ओळखलं जातंय, पण पाठवायचा खर्च आणि कस्टम धरलं तर साध्या लेन्सला ते परवडत नाही.

बसवून झाल्यावर

अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून बोर्डाच्या कडेनं, रिंगभोवती कुठं उजेड येतोय का बघा. मग लांबच्या डोंगरावर फोकस करा. ९० मिलिमीटरच्या वाइड लेन्सला भाता पुरेसा मिटत नसेल तर आत खोल गेलेला बोर्ड घ्यावा लागतोय, आणि ३०० च्या लेन्सला लांबचं दिसायलाच साधारण ३०० मिलिमीटर भाता उघडावा लागतोय, जवळच्या पोर्ट्रेटला आणखी. आपल्या भागात पावसाळ्यात, खानापूर-कणकुंबीच्या बाजूला तर जास्तच, लाकडी बोर्ड फुगून रिंग आवळून बसते आणि उन्हाळ्यात लाकूड वाळलं की तीच रिंग सैल होते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये पाना लावून एकदा तपासा आणि पावसात लेन्स सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा, चामड्याच्या केसमध्ये ठेवली तर काचेवर बुरशी धरते.