मनगटातली कंडरा आणि मनगटातली नस: पामॅरिस लाँगस की मीडियन नर्व्ह?

ऊस तोडताना डाव्या हातानं ऊस धरायचा आणि उजव्या हातानं बुडाशी कोयता मारायचा. त्यामुळे कोयता घसरला की डावा हात सापडतो. बीड, धाराशिव, जालन्याकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पुढचे चार-पाच महिने हा धोका रोजचा असतो. घरी राहिलेल्यांना कडबाकुट्टी आहे, खिडकीची फुटलेली काच आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला झालेली जखम दोन बोटांएवढी असली तरी तिला लहान म्हणू नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. कारण तिथे दोन पांढऱ्या दोऱ्या अगदी शेजारी-शेजारी आहेत. एक तुटली तर हाताचं फारसं काही अडत नाही. दुसरी तुटली आणि ते वेळेत कळलं नाही, तर कापूस वेचणारी बोटं कामातून जातात.

पहिली दोरी म्हणजे पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात ती. हा स्नायू कोपराच्या आतल्या हाडापासून निघतो, त्याची लांब बारीक कंडरा मनगटाच्या मधोमध वर येते आणि तळहाताच्या कातडीखालच्या जाड पडद्यात मिसळते. काम म्हणाल तर मनगट वाकवायला थोडी मदत आणि तळहाताचा पडदा ताणून धरणं, एवढंच. दुसरी दोरी म्हणजे मीडियन नर्व्ह, स्पर्श कळवणारी आणि स्नायू चालवणारी नस, रक्तवाहिनी नव्हे. ती याच कंडरेच्या किंचित खाली आणि जरा अंगठ्याच्या बाजूला असते. पुढे ती बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरांबरोबर मनगटाच्या अरुंद बोगद्यातून (डॉक्टर ज्याला कार्पल टनेल म्हणतात) तळहातात शिरते. पामॅरिसची कंडरा मात्र त्या बोगद्याच्या छतावरून जाते, आतून नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची स्पर्शाची जाणीव याच नसेकडे आहे. अंगठा तळहातापासून वर उचलून इतर बोटांसमोर आणणारे बहुतेक स्नायूही हीच चालवते.

आता खरी अडचण. पामॅरिस लाँगस सगळ्यांना नसतेच. पाठ्यपुस्तकं साधारण १५ टक्के लोकांत ती नसल्याचं सांगतात. पूर्व आशियातल्या लोकांत हे प्रमाण बरंच कमी आढळतं, तुर्कस्तानात जास्त. एकाच माणसाच्या एका हातात असते आणि दुसऱ्यात नसते, असंही होतं. ती नसल्यानं मुठीचा जोर कमी होत नाही, म्हणून माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही.

बघायचं असेल तर अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरी उठून दिसली तर ती पामॅरिस. तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला आणखी एक जाड कंडरा दिसते, ती फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिस. पामॅरिस नसलेल्या हातात ही दुसरी एकटीच उठते आणि बरेच जण तिलाच पामॅरिस समजतात. ती मधोमध नाही, अंगठ्याच्या बुडाकडे जाते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ज्या हातात मधली दोरी नाही, तिथे कातडी आणि तिच्याखालचा पातळ पडदा ओलांडला की मधोमध सर्वांत वर मीडियन नर्व्हच सापडते. कोयत्याला आणि नवख्या हातातल्या चिमट्यालाही.

जखमेनंतर या दोन दुखापतींची गल्लत का होते, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. नुसती पामॅरिस तुटली तर मूठ पूर्ण वळते. नुसती मीडियन नर्व्ह मनगटाशी तुटली, तरीही मूठ पूर्ण वळते! कारण बोटं वाकवणारे स्नायू पंजात नसून दंडाखाली, कोपर ते मनगट या भागात आहेत आणि त्यांना जाणाऱ्या नसेच्या फांद्या मनगटाच्या बऱ्याच वर फुटलेल्या असतात. म्हणून जखमी माणूस मूठ वळून दाखवतो, सोबतचे म्हणतात ‘काही नाही झालं’, चार टाके पडतात आणि मंडळी फडावर परततात. काही आठवड्यांनी बाई भाकरी टाकताना तव्याचा चटका बोटांना बसतो, फोड येतो, पण कळत नाही. बोंडातून कापूस ओढायला लागणारी तीन बोटं नेमकी याच नसेची आहेत.

म्हणून मूठ हा पुरावा नव्हे. पुरावा स्पर्शाचा. जखमी माणसाला डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या बोळ्यानं तर्जनीच्या पेराला आतल्या बाजूनं हलकेच स्पर्श करा, मग दुसऱ्या हाताच्या तर्जनीला. फरक सांगितला तर नस दुखावली आहे असंच धरायचं. दुसरी परीक्षा अंगठ्याची: हात पालथा नाही, उताणा ठेवायचा आणि अंगठा छताच्या दिशेला उचलायचा. ही परीक्षा कधीकधी फसवते, कारण काहींच्या हातात अंगठ्याच्या स्नायूंना अल्नर नर्व्हकडूनही, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या दुसऱ्या नसेकडूनही, फांद्या येतात. त्यामुळे मी स्पर्शाला जास्त मान देते. कोपीवर आईबापांबरोबर असलेल्या लहान मुलाला धड सांगता येत नाही. त्याची जखम कोरडी ठेवून फक्त बोटांची टोकं काही वेळ पाण्यात बुडवा. नस तुटलेल्या बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडत नाहीत.

हे सगळं जागा बधिर करायच्या सुईआधी झालं पाहिजे. सुई दिल्यावर बोट बधिर आहे ते नसेमुळे की औषधामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

टेबलावर जखम उघडल्यानंतरही सर्जनला या दोघी ओळखाव्या लागतात. कंडरा मोत्यासारखी चकचकीत आणि टणक असते, वर शोधत गेलं की स्नायूत शिरते. नस जरा पिवळसर, मऊ, अंगावरून बारीक रक्तवाहिनी धावणारी, आणि कापलेल्या टोकाशी तंतूंचे जुडगे वेगवेगळे दिसतात. एवढा फरक असूनही घोटाळे झालेले आहेत. पामॅरिसची कंडरा काढून दुसरीकडे जोडायला फार उपयोगी असते. तुटलेल्या कंडरेच्या जागी ती लावतात, खाली आलेली पापणी उचलायलाही वापरतात. ती काढायला गेलेल्या सर्जननं चुकून मीडियन नर्व्ह काढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या आहेत. म्हणूनच रोगी जागा असताना अंगठा-करंगळीची परीक्षा घेऊन दोरीवर पेननं खूण करायची असते. भूल दिल्यावर तो अंगठा करंगळीला लावून दाखवू शकत नाही.

थोड्या लोकांत पामॅरिस उलटी असते, म्हणजे मांसल भाग मनगटाशी आणि दोरी कोपराकडे. खुरपणी किंवा धारा काढण्याच्या दिवसांत तो भाग फुगतो, खालची मीडियन नर्व्ह दाबतो आणि मुंग्या येतात. सगळ्या मुंग्या मनगटाच्या बोगद्यात नस दाबल्यानं येणाऱ्या दुखण्याच्या नसतात, हे सोनोग्राफीत दिसतं.

नस शिवल्यावर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहज सहा महिने जातात. तोवर त्या हातानं तवा, गरम पातेलं, विळी धरायची नाही. जखम झाली त्याच दिवशी, जमलं नाही तर पुढच्या एक-दोन दिवसांत, हाताची शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी पोचायचं. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाटेत स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा, हळद-तंबाखू भरू नका. आणि केसपेपर लिहिणाऱ्याला सांगा: तर्जनीला स्पर्श कळतो की नाही, ते सुईच्या आधी बघा आणि लिहा.