घराची झडती झाली, मोबाईल-लॅपटॉप जप्त झाला? कोर्टात कोणता अर्ज करायचा आणि कागदपत्रं काय लागतात

पोलीस घराची झडती घेऊन गेले की बहुतेक लोक पुढचे दिवस फक्त पोलीस स्टेशनला हेलपाटे घालत बसतात. खरं तर झालेल्या झडतीचा हिशोब पोलिसांना मॅजिस्ट्रेटकडे द्यावाच लागतो आणि तो कागद मागायचा हक्क तुम्हाला पण आहे. पुण्यात इतकी मुलं रूम घेऊन राहतात, सदाशिव पेठेत काय, कर्वेनगरात काय, त्यांना आणि त्यांच्या घरमालकांना हे माहिती असायलाच पाहिजे म्हणून लिहितोय.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत. कोर्टाने काढलेलं सर्च वॉरंट असेल तर ते कलम ९६ खाली निघतं आणि दारात ते दाखवा म्हणून तुम्ही मागू शकता. पण तपासात पोलीस वॉरंट नसताना पण येऊ शकतात, ते कलम १८५. त्यात अट अशी की झडती का गरजेची आहे, काय शोधायचंय, हे अधिकाऱ्याने आधी लेखी नोंदवायचं आणि त्या नोंदीची प्रत जास्तीत जास्त ४८ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. सोबत कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंच आहे, मोबाईलवर केलं तरी चालतं.

झडती चालू असताना घरात राहणाऱ्याला तिथे थांबायचा हक्क आहे (कलम १०३), परिसरातले दोन स्वतंत्र पंच लागतात, आणि जप्त मालाच्या यादीची पंचांच्या सह्या असलेली प्रत तुम्हाला द्यायची असते. ती जागेवरच मागा. आणि सही करण्याआधी पंचनामा वाचा हो, घाई करतील तरी वाचा! "एक काळ्या रंगाचा वापरता मोबाईल" एवढंच लिहिलं असेल तर कंपनी, मॉडेल आणि दोन्ही आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) टाकायला सांगा, लॅपटॉपचा सिरीयल नंबर, पेनड्राईव्ह किती नग, आणि डेटा कॉपी केला असेल तर हॅश व्हॅल्यू (डेटावरून निघणारा आकडा, डेटा जरा जरी बदलला तरी तो बदलतो) लिहिली का ते बघा, कारण उद्या त्यात काही टाकलं गेलं का काढलं गेलं हा वाद झाला तर हा आकडाच कामाला येतो.

आता अर्ज. पहिला अर्ज झडतीच्या कारणांच्या नकलेसाठी. जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कोणीही करू शकतो, म्हणजे भाडेकरू पण पात्र, आणि मॅजिस्ट्रेटने ही नक्कल फुकट द्यायची असं कलम १८५ मध्येच लिहिलंय. साध्या मराठीत अर्ज चालतो: पोलीस ठाण्याचं नाव, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलमं, झडतीची तारीख, वेळ, पत्ता, आणि कलम १८५ प्रमाणे नक्कल मिळावी ही विनंती. सोबत आधारची झेरॉक्स आणि तिथे राहत असल्याचा पुरावा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट किंवा लाईट बिल. अर्ज ते पोलीस ठाणं ज्या मॅजिस्ट्रेट कोर्टाला जोडलंय तिथे द्यायचा, त्यामुळे शिवाजीनगरच्या कोर्टात जायच्या आधी ठाण्यात कोर्ट नंबर विचारून घ्या.

दुसरा अर्ज मुद्देमाल परत मिळण्यासाठी. माल कोर्टापुढे हजर झाला असेल तर कलम ४९७, नसेल तर ५०३, आणि ज्याचा त्या वस्तूवर हक्क आहे त्याने करायचा, त्याच्यावर गुन्हा असो नसो. खरेदीचं बिल, बॉक्सवरचा आयएमईआय, गाडी असेल तर आरसी आणि इन्शुरन्स, पंचनाम्याची प्रत, एफआयआरची प्रत एवढं जोडा. कोर्ट सरकारी वकील आणि तपासी अंमलदाराचा से (लेखी म्हणणं) मागवतं आणि उशीर बहुतेक तिथेच होतो, त्यात वस्तू गणेशखिंडच्या फॉरेन्सिक लॅबला गेली असेल तर थांबावं लागतं. पण माल ठाण्यात सडत ठेवू नका असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई केसमध्ये सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा. मिळताना बाँड घेतात, विकायचं नाही आणि बोलावलं की हजर करायचं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाईन १५१००.

हे झालं उघड झडतीचं. फोन टॅपिंगमध्ये मात्र तुम्हाला कळवतच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. दूरसंचार कायदा २०२३ आणि डिसेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणे आदेश गृहसचिव काढतात, तो ६० दिवस चालतो आणि वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस. हे आदेश तपासणारी समिती कोणाची, तर राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. न्यायाधीश एकही नाही! सरकारने सरकारलाच तपासायचं ही रचना बदलली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात राजकीय नेत्यांचे फोन टॅप केल्याचा गुन्हा २०२२ मध्ये बंडगार्डन ठाण्यात नोंदला गेला होता, २०२३ मध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. अशी प्रकरणं गुन्हा नोंदला गेला तरच लोकांना कळतात.

टॅपिंग झालंय हे चार्जशीटमधून किंवा कसंही कळलं तर मार्ग हायकोर्टातल्या रिट याचिकेचा, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका लाचेच्या केसमधले टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं होतं, म्हणजे दाद मिळते. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईलाच जावं लागतं. आरटीआयचा (माहिती अधिकाराचा) उपयोग कमी, आयबीसारख्या गुप्तचर संस्था त्या कायद्याच्या कलम २४ ने वगळल्यात, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्क उल्लंघनाची माहिती मागता येते. झडतीत मारहाण, धमकी असं काही झालं असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, ती घटनेपासून एक वर्षाच्या आत करा.