सेट (इंग्रजी शब्द)

‘सेट’ हा इंग्रजीतील बहुअर्थी शब्द क्रियापद, नाम आणि विशेषण या तिन्ही रूपांत वापरला जातो. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती : सुमारे ४३० अर्थ आणि ६०,००० शब्द. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असताना ‘रन’ने हा मान हिरावला. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खपून ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे केले. सामान्य वाचकाच्या लेखी मात्र ‘सेट’ची ख्याती अजून टिकून आहे.

जुन्या इंग्रजीत ‘सिट्टन’ म्हणजे बसणे आणि ‘सेट्टन’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. संस्कृत ‘सद्’ धातू याच मुळाचा. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द त्यातून आले. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उप + विश्’ पासून आलेले, तेव्हा नात्याने वेगळे. तरीही दोन्ही भाषांत अर्थ बरेचसे एकाच वाटेने गेले आहेत. अंगठीत खडा बसवतात, मोडलेले हाड बसवतात, पाऊस जम बसवतो; या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’च येतो. सूर्यास्ताच्या अर्थामागेही हेच आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणे.

‘बसवणे’ अपुरे पडते तिथे मराठी दुसरी क्रियापदे पुढे करते. सापळा आणि गजर लावतात, जेवणाची पाने मांडतात, भाव ठरवतात, परीक्षेचा पेपर काढतात. इंग्रजी या सगळ्यांचे काम ‘सेट’वर भागवते, आणि भूतकाळातही त्याचे रूप बदलत नाही. ‘सेटेड’ असे रूप नाही. शिकणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे.

पातळ पदार्थ घट्ट होणे हाही ‘सेट’चाच अर्थ. सिमेंटच्या बाबतीत ‘सेट होणे’ आणि ‘कडक होणे’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पाणी घातल्यावर लगदा आपला मऊपणा गमावतो ते सेटिंग. ताकद त्यानंतर कित्येक दिवस वाढत राहते. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचा प्रारंभिक सेटिंग काळ ३० मिनिटांपेक्षा कमी आणि अंतिम काळ ६०० मिनिटांपेक्षा जास्त असता कामा नये. तो व्हिकाट उपकरणाच्या सुईने मोजतात. सुई साच्याच्या तळापासून सुमारे ५ मिलिमीटरवर अडली की प्रारंभिक काळ संपला. सिमेंट दळताना जिप्सम घातले नाही तर लगदा कालवता कालवताच आवळून येतो. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी मारून तो वापरणे ही बांधकामावरची जुनी खोड. माल मऊ होतो, पण ताकद जाते.

जॅमचे सेटिंग वेगळ्या कारणाने होते. त्याला पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक), आम्ल आणि साधारण ६५ टक्के साखर लागते. उकळते मिश्रण १०४-१०५ अंश सेल्सिअसला पोचले की थंड बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलावा. सुरकुती पडली तर जॅम झाला. पेरूत पेक्टिन भरपूर असते, म्हणून तो लवकर जमतो. फार पिकलेल्या फळात ते कमी होते आणि जास्त वेळ उकळल्यानेही मोडते. मग कितीही आटवले तरी पाकच उरतो.

सुतारकामात करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवण्याला ‘सेट’ म्हणतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवावा. मुळापासून वाकवला तर दात तुटतो. एका बाजूला सेट जास्त झाला तर करवत रेघ सोडून त्या बाजूला ओढते.

‘समूह’ या अर्थाचे नाम मात्र दुसऱ्या घरचे. ते जुन्या फ्रेंच ‘सेट’मधून, म्हणजे मुळात लॅटिन ‘सेक्टा’ (पंथ, अनुयायी) मधून आले आणि पुढे क्रियापदाशी मिसळून गेले. गणितात त्याला मराठीने ‘संच’ हा नेमका प्रतिशब्द दिला : उपसंच, रिक्त संच. तोच ‘दूरदर्शन संच’मध्येही शिरला, जरी घरात पेटी एकच असते. टेनिसमधला सेट किमान सहा गेम आणि दोन गेमच्या आघाडीने जिंकतात. ६-६ झाल्यावर टायब्रेक, म्हणजे बरोबरी तोडणारा निर्णायक गेम होतो. शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता तेव्हा, २०१० च्या विम्बल्डनमध्ये, अमेरिकेच्या जॉन इस्नरने फ्रान्सच्या निकोलस माहूला त्या सेटमध्ये ७०-६८ असे हरवले.

भाषांतरात सर्वाधिक फसगत जोडक्रियापदांत होते. अर्थसंकल्पात रक्कम ‘सेट असाइड’ केली म्हणजे राखून ठेवली. वरिष्ठ न्यायालयाने निकाल ‘सेट असाइड’ केला म्हणजे रद्द केला. इथे ‘निकाल राखून ठेवला’ असे लिहिणे घातक, कारण मराठीत त्याचा अर्थ निकाल अजून द्यायचा आहे असा होतो. ‘सेटबॅक’ हा बातमीत धक्का असतो, तर इमारतीच्या नकाशात रस्त्यालगत मोकळी सोडायची जागा. प्राप्तिकरातले ‘सेट-ऑफ’ म्हणजे एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वळता करणे. प्रवासाला निघणे आणि फटाका उडवणे यांनाही इंग्रजीत तोच शब्द आहे.

मराठीने यातले काही अर्थ उचलले आणि काही स्वतः घडवले. नाटकाचा सेट लावतात आणि उतरवतात, व्यायामशाळेत सेट मारतात, नोकरी लागलेला मुलगा ‘सेट’ होतो. ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संधान बांधणे, हा अर्थ इकडचाच. ‘सेट-नेट’मधला सेट मात्र या कुळातला नाही. राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.