मोठेपणी कोण होणार, हे शाळा कधीपासून विचारायला लागली?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, शुक्रवारी 'कम्युनिटी हेल्पर्स डे' आहे, मुलांना ड्रेस घालून पाठवा, की मग अर्धा वर्ग डॉक्टर, उरलेले पोलीस नाहीतर आर्मी, दोन-तीन टीचर आणि एखादा शेतकरी, कारण घरात धोतर-फेटा तयार असतो. प्लंबर कोणी होत नाही. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आलीये, त्यात सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन काम शिकायचं, आणि पालक मंडळी हे कुठलं तरी फॉरेनचं नवीन फॅड असल्यासारखं बोलतात. नवीन अजिबात नाहीये, आपल्याकडे या विषयावर शंभर-सव्वाशे वर्षं भांडणं चाललीयेत.

त्याच्याही आधी तर हा प्रश्नच नव्हता. गावात बलुतेदारी होती, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट वगैरे, सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं मिळायचं आणि लोहाराचा पोरगा कळता झाला की भाता ओढायला बसायचा. ट्रेनिंग पक्कं, यात वादच नाही. पण चॉइस शून्य, आणि ज्यांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढायचं काम आलं त्यांना तर नाही म्हणायचीही सोय नव्हती. 'पूर्वी घरोघरी किती छान स्किल एज्युकेशन होतं' छापाचे फॉरवर्ड फिरतात त्यात हा भाग बरोब्बर गळलेला असतो. जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेब १९३६ मध्येच सांगून गेलेत.

म्हणून जोतीराव फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षण चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे दिलेलं निवेदन बघण्यासारखं आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावं तर मोडी आणि बाळबोध लिपीतलं वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. शेती आहे, पण वाचणं-लिहिणं आणि हिशेब तिच्या आधी. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय हे न कळता अंगठा उठवणारा शेतकरी ज्याने बघितलाय तो माणूस असाच क्रम लावणार. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि लगेच १९१८ ला बलुतेदारीची सक्ती कायद्याने मोडली. मला या दोन तारखा शेजारी शेजारी फार महत्त्वाच्या वाटतात, कारण शाळेत घातलं तरी घरचं काम कपाळावर लिहिलेलंच असेल तर 'मोठेपणी कोण होणार' हे विचारण्यात काय अर्थ आहे.

मग आली नई तालीम. ऑक्टोबर १९३७, वर्धा, गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि म्हटलं सात वर्षांचं सगळं शिक्षण हस्तोद्योगातूनच द्यायचं, मुलांनी बनवलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्चही निघावा. त्यासाठी अभ्यासक्रम आखायला नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने जे टाइमटेबल बनवलं ते आज वाचलं तरी दचकायला होतं: साडेपाच तासांची शाळा, त्यात ३ तास २० मिनिटं हस्तोद्योग, मातृभाषेला ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटं. आयडिया अशी की टकळीवर सूत काततानाच गणित यावं, किती तार झाले, पेळू (सूत काढायची कापसाची वळी) किती लागला, कापूस कुठल्या जमिनीत येतो, हे कापड इंग्लंडहून का येत होतं, म्हणजे भूगोल आणि इतिहास पण त्यातच. ज्या शिक्षकाला हे जमलं त्याच्या वर्गात मजा आली असणार. पण जमणारे शिक्षक आणायचे कुठून? आणि खर्च काढायच्या नादात शिक्षक मुकादम होतील, गरिबांच्या पोरांना राबवून घेतील, ही भीती खुद्द झाकीर हुसेन यांनीच त्या परिषदेत बोलून दाखवली होती.

खरी अडचण वेगळीच होती असं मला वाटतं. ज्याचा बाप आयुष्यभर हाताने काम करत आलाय तो पोराला शाळेत कशाला घालतो, तर त्या कामातून सुटावा म्हणून. त्याला तुम्ही सांगताय इथेही तेच करू. मद्रासमध्ये १९५३ ला तिथले मुख्यमंत्री राजाजी यांनी तर निम्मा दिवस शाळा आणि निम्मा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली, तिच्यावर 'जातीचं शिक्षण' म्हणून एवढं रान उठलं की १९५४ ला राजाजींना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजनाच गुंडाळली.

त्यानंतर सरकारी पातळीवर सगळं जरा मवाळ झालं. केंद्राच्या कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव, म्हणजे अभ्यासाबरोबर हाताने काहीतरी काम, सुचवला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव दिलं, आणि शेवटी उरला तो आठवड्याचा एक तास, ज्या तासाला गणिताचे सर हमखास पोर्शन पूर्ण करायला यायचे. ज्यांनी तो काळ काढलाय त्यांना माहितीये, परीक्षेच्या आदल्या रात्री आईकडून रुमालाला हेम घालून घ्यायची, पुठ्ठ्याची फाइल मोठ्या बहिणीची, मेणबत्ती दुकानातून आणून नुसतं लेबल काढायचं, आणि 'अ' श्रेणी. सर पण काही बोलायचे नाहीत.

अपवाद होते, आणि जोरदार होते. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, म्हणजे मुलाचं काम न सोडवता त्याच्यापाशी जाऊन बसायचं. आणि पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हा माणूस हिंदुस्थान लिव्हरमधला शास्त्रज्ञ, गावात येऊन शाळा अर्ध्यात सोडलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती-पशुपालन, रक्तगट तपासणं असं सगळं शिकवायला लागला. तिथे एकाच धंद्याला जुंपत नाहीत, प्रत्येकाला सगळंच करावं लागतं, आणि वस्तू बनवली की मटेरियल किती, मजुरी किती, विकायची कितीला, हे पण वहीत मांडायचं. याच धर्तीवर आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आला. बापाचा धंदा गळ्यात न बांधता हाताला काम शिकवायचं हे नेमकं इथे जुळलं, पण असा विषय चालवायचा म्हणजे वर्कशॉप पाहिजे, येऊन शिकवणारा कारागीर पाहिजे, त्यामुळे तो सगळीकडे पोचला नाही.

शहरात मात्र गाडी दुसऱ्याच रुळावर गेली, हाताला काय येतं यापेक्षा पोराचा कल कुठे आहे हे कागदावर तपासण्याच्या. २०१६ पासून दहावीच्या मुलांची राज्यभर कलचाचणी घेतली, कृषी, ललित कला, गणवेशधारी सेवा असे रकाने, २०२० ला करिअरची माहिती देणारं महाकरिअर पोर्टल आलं. रिपोर्ट ललित कला म्हणायचा आणि घरचे सायन्सचा फॉर्म भरायचे, हे आजूबाजूला भरपूर बघितलंय.

आणि आता ते दहा दिवस. धोरणातच लिहिलंय की १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी लोकांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले आपल्याकडे ५ टक्क्यांपेक्षा कमी, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के, म्हणून ही घाई. पण आमच्या इकडच्या शाळांमध्ये बँक, पोस्ट, फायर ब्रिगेड असं बघून, ग्रुप फोटो काढून परत येतात. सुताराकडे नेत नाहीत, करवत-रंधा लागेल म्हणून पालक सही देत नाहीत, आणि तीस पोरं दिवसभर दुकानात उभी राहिली तर त्या सुताराची बुडालेली मजुरी कोणी द्यायची, याचं उत्तर अजून मला कुठल्याच शाळेकडून मिळालेलं नाही.