लेबनॉनचे देवदार सॉलोमनने संपवले नाहीत

‘लेबनॉनचे सगळे देवदार बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या जेरुसलेममधल्या मंदिरासाठी कापले गेले’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

आपल्या हिमालयातल्या देवदाराचा हा सख्खा भाऊ. इजिप्तच्या खुफू राजाची सुमारे ४५०० वर्षांपूर्वीची नौका याच लाकडाची आहे, म्हणजे तोड सॉलोमनच्या कितीतरी आधीची. आणि सॉलोमननंतर हजारएक वर्षांनी रोमन सम्राट हेड्रियनने लेबनॉनच्या खडकांवर लेख कोरून चार प्रकारची झाडं स्वतःसाठी राखीव केली. जंगल संपलंच असतं, तर राखायचं काय?

ऱ्हास हजारो वर्षं चालला. मला वाटतं, कुऱ्हाडीइतकाच दोष शेळ्यांचा आहे. त्या कोवळी रोपं खातात आणि जुन्या झाडांना वारस उरत नाही. म्हणून तर १८७६ मध्ये उत्तर लेबनॉनमधल्या ब्शार्री गावाजवळच्या देवदारांच्या राईभोवती दगडी भिंत बांधली गेली. खर्च राणी व्हिक्टोरियाने दिला. पुढे पहिल्या महायुद्धात उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या रेल्वेच्या इंजिनांत हेच लाकूड जळलं.

झाड नामशेषही झालेलं नाही. तुर्कस्तानच्या तोरोस पर्वतात त्याची मोठी जंगलं आजही उभी आहेत. लेबनॉनमध्ये मात्र बर्फ कमी पडू लागलंय आणि पानं खाणाऱ्या अळ्यांनी तन्नूरीनची राई पोखरली आहे.